आजीचं नाक

मराठी विभागासाठी लेख हवा म्हणून आमच्या विंगमधली संपादिका तीन दिवस माझ्या रूमच्या दारात ठाण मांडून होती. मी म्हटलं, अगं, मी कॉन्व्हेंटची! निबंध गाईडमधून पाठ करून मार्क मिळवलेली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर आहे. ती म्हणाली, "ते मी बघते. तू फक्त ती विसरवाडीची वासाची गोष्ट लिही."

ही गोष्ट मी मेसमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या टेबलावरच्या मुलींना पाठ असेल. त्यांनी खुशाल पान उलटावं. पण सांगताना मी त्यातला एक भाग नेहमी गाळते. इथे तो गाळणार नाही.

विसरवाडी हे माझं आजोळ. ('कुठली वाडी विसरलीस?' हा जोक फर्स्ट इयरलाच होऊन गेला आहे, नवीन असेल तर सांगा.) नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका. धुळ्याहून सुरतेकडे निघालात की कोंडाईबारीचा घाट उतरल्यावर लागतं. हायवेला गावात अजून सगळे 'सहा नंबर'च म्हणतात, कागदोपत्री तो आता ५३ झाला आहे. आम्ही नाशिकला राहतो, त्यामुळे मी तिथली सुट्टीतली पाहुणी. आजीच्या घरात अहिराणी, बाजारात मावची, कोकणी आणि थोडी गुजराती. मी सगळ्यांपुढे मान हलवून "हो हो" करणारी!

आजीचं घर एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मागे आहे. मी लहान असतानाच पंप बंद झाला. मशीनं गेली, छप्पर गेलं, पण जमिनीखालच्या लोखंडी टाक्या तशाच राहिल्या. त्यांच्या तळाला काय चाललंय हे बघायला कोण जाणार? आजी मात्र दर पावसाळ्यात आईला फोनवर सांगायची, "पानी पडनं का तेलना वास येस." आई म्हणायची, हायवेच्या ट्रकांचा असेल. मामा म्हणायचा, मायचं वय झालं. आणि मी... मी हसायचे. आजीचं नाक हा आमच्या घरातला कायमचा विनोद होता. दूध नासणार हे तिला आदल्या रात्री कळतं, कोणत्या बरणीतल्या लोणच्याला बुरशी धरणार हे झाकण न उघडता कळतं, असं ती सांगते. नुसतं सांगते नाही, ते खरंही निघतं, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

मे २०२५. माझं सेकंड इयर संपलेलं, इंटर्नशिप शोधत होते. आईनेच फोनवर बातमी दिली की त्या पंपाच्या जागेची साफसफाई सुरू झाली आहे. टाक्या खणून काढल्या, खालची माती काळी-निळी आणि वासाची निघाली, बाहेरून एक कन्सल्टन्सी आली आहे. मी त्यांच्या सरांना मेल टाकला. माझ्या क्वालिफिकेशनमधली सगळ्यात जड ओळ कोणती होती माहीत आहे? 'राहण्याची सोय आहे.' लगेच बोलावलं!

आता थोडं टेक्निकल. सिव्हिलवाल्यांनो, सॉइल मेकॅनिक्समधला व्हॉइड रेशो आठवा. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यात पाणी असतं आणि हवा असते. आपण हे पाच मार्कांसाठी लिहितो आणि विसरतो. पेट्रोल गळलं की ते खाली झिरपत जातं, भूजलाला पोचलं की पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत पसरतं, आणि तिथून त्याची वाफ या पोकळ्यांतून वर येत राहते. नुसती माती खणून तपासली तर पेट्रोल कुठे साचलंय ते कळतं. पण माणसाच्या नाकापर्यंत काय येणार, ते या मातीतल्या हवेला विचारावं लागतं. आमचं काम ते विचारण्याचं.

विचारण्याची पद्धत फार हळू आहे. हाताने फिरवायच्या ऑगरने साधारण दीड मीटर भोक पाडायचं. ड्रिलिंगचे दोन दादा होते, त्यांच्यामुळे माझे हात वाचले, कारण मे महिन्यातली तिथली काळी माती म्हणजे वीट. भोकात जाळीचं टोक असलेली बारीक नळी सोडायची, टोकाभोवती वाळू आणि वर बेंटोनाइट. बेंटोनाइट म्हणजे पाणी लागलं की फुगणारी माती. ती भिजवून वरचा भाग असा बंद करायचा की बाहेरची हवा आत शिरता कामा नये. मग दोन दिवस काही करायचं नाही, ढवळलेल्या मातीतली हवा पुन्हा मूळच्यासारखी होऊ द्यायची. नंतर नळीतली शिळी हवा काढून टाकायची आणि मगच सॅम्पल. तेही मिनिटाला २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने नाही, म्हणजे एक मोठा कप चहा पूर्ण एका मिनिटात प्यायचा. घाईने ओढलं की वरूनच हवा ओढली जाते आणि आपण मातीतल्या हवेच्या नावाखाली विसरवाडीची वरची हवा डब्यात भरून नेतो.

डबा म्हणजे कॅनिस्टर. स्टीलचा, आतून चकचकीत, आतली हवा आधीच काढून टाकलेली. झडप उघडली की तो स्वतःच हळूहळू श्वास घेतो. पूर्ण भरू द्यायचा नसतो, काटा शून्यावर यायच्या आधी बंद करायचा. लॅबमध्ये पोचल्यावर तोच काटा पुन्हा वाचतात. आकडा जुळला नाही तर वाटेत गळती झाली असं धरतात.

आणि जोड गळतोय का हे कसं ओळखायचं? इथे एक गंमत आहे, ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जिथे नळ्या जोडल्या जातात तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं कापड ठेवतात. हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये सहसा नसतं. ते जर सॅम्पलमध्ये सापडलं, तर बाहेरची हवा आत शिरली, सॅम्पल बाद.

सरांचे नियम पहिल्याच दिवशी पाठ झाले. सेंट नाही, सिगारेट नाही, मार्कर पेन नाही, सॅम्पलच्या दिवशी गाडीत पेट्रोल भरायचं नाही. मी ते वहीत लिहून अंडरलाइनसुद्धा केले. (कॉन्व्हेंट!)

आता तो गाळलेला भाग.

सॅम्पलच्या आधी आजूबाजूच्या घरांचा एक फॉर्म भरायचा होता. घरात कोण राहतं, जमीन कसली आहे, विहीर-बोअर आहे का, कसला वास येतो का, आला तर केव्हा. भाषा येते म्हणून ते काम माझ्याकडे. परक्या घरांमध्ये मी फार नीट फॉर्म भरले. मावची बोलणाऱ्या घरांत शेजारच्या मुलाला दुभाषा म्हणून नेलं, एकेक प्रश्न दोनदा विचारला. आजीच्या घरचा फॉर्म शेवटी उरला. तो मी ओसरीवर आमरस खाता खाता भरला.

आजी म्हणाली, "लिख, पानी पडनं का वास येस. मांगली खोलीमा."

मामा दारात उभा होता. मागचा रिकामा प्लॉट विकायची त्याची बोलणी चालू होती, हायवेलगतची जागा, गिऱ्हाईक चांगलं आलं होतं. तो म्हणाला, "कशाला उगाच? मे महिना आहे, येतोय का आत्ता वास?" मी नाक वर करून हुंगलं. आमरसाचा येत होता. मी फॉर्मवर लिहिलं : 'तक्रार नाही.'

मामाने माझा हात धरला नव्हता, हे स्पष्ट सांगते. मी तेव्हा स्वतःशी चक्क असा विचार केला की वास ही सब्जेक्टिव्ह गोष्ट आहे, आपण सायंटिफिक काम करतोय. परक्यांच्या आजीचं मी लिहून घेतलं, माझ्या आजीचं नाही, कारण माझी आजी म्हणजे विनोद.

दुसऱ्या दिवशी तिच्याच मागच्या खोलीत सॅम्पल घ्यायचं होतं. ओसरी अजून शेणाने सारवलेली, पण मागच्या खोलीत मामाने शहाबादी फरशी घातली आहे, आजी तिथेच झोपते. फरशीला बोटाएवढं भोक पाडून खालची हवा घ्यायची. दादांनी भोक पाडलं, जोड घट्ट केला. मी हातमोजे घालणार तेवढ्यात लक्षात आलं, हात चिकट आहेत. आमरस! कोविडपासून माझ्या बॅगेला सॅनिटायझरची छोटी बाटली लटकलेली असते. भसाभसा चोळलं, पूर्ण वाळायच्या आत त्याच हातांनी नळीचं टोक धरलं, मग शहाण्यासारखे मोजे चढवले.

ती बाटली आयसोप्रोपिल अल्कोहोलची होती. मागे छापलेलं असतं, कोण वाचतं?

जूनमध्ये लॅबचे रिपोर्ट आले. आजीच्या खोलीचं सॅम्पल बाद, आयसोप्रोपिल भरमसाठ. सरांनी सगळ्यांना एकत्र फोन लावला आणि दादांना विचारलं, जोड ढिला कसा राहिला? दादा म्हणाला, "सर, मी तर पाना लावून आवळला होता." मी गप्प. पाच-सहा सेकंद असतील, पण मला व्हायव्हाएवढे लांब वाटले. मग मी सांगितलं. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ठीक आहे. परत घ्यावं लागेल. आणि दादांना सॉरी म्हण." ते मी म्हटलं. दादा हसला, म्हणाला, "ताई, आमच्या घरात बी हायेत लहान पोरं."

अंगणातलं मे महिन्याचं सॅम्पल मात्र चांगलं होतं आणि त्यात जवळजवळ काही नव्हतं. मामा खूश. "बघ, म्हटलं नव्हतं?"

परत जायचं म्हणता म्हणता परवानग्या, गाडी, सरांचं दुसरं काम यात जुलै उजाडला. नवापूर तालुक्यातला जुलै म्हणजे काय ते तिकडच्या मुलांना विचारा. भाताची लावणी चाललेली, घाटात ढग रस्त्यावर बसलेले. खरं तर जोराच्या पावसानंतर काही दिवस हे सॅम्पल घेऊच नये असा नियम आहे, कारण मातीच्या पोकळ्या पाण्याने भरतात. अंगणातल्या नळीला सरांनी पंप लावला तर गुळगुळ आवाज करत चक्क पाणी आलं. माझं टीई सुरू होऊन आठवडा झाला होता, अटेंडन्सचा मीटर पडत होता, आणि मी छत्री धरून उभी! म्हटलं, फुकट गेला दिवस.

पाऊस थांबेना म्हणून सर ओसरीवर येऊन बसले. आजीने चहा दिला. सरांनी सहज विचारलं, "आजी, तुम्हाला कधी वास येतो का हो पेट्रोलचा?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "इले सांगेल शे ना मी."

मग तिने सगळं पुन्हा सांगितलं. पाऊस सुरू झाला की पहिल्या एक-दोन दिवसांत नाही, चांगली झड लागली की. रात्री जास्त, दारं-खिडक्या लावल्यावर. मागच्या खोलीतच, तेही पंपाकडच्या भिंतीला. दिवाळीपर्यंत कमी होतो, उन्हाळ्यात अजिबात नाही. सर चहा ठेवून ऐकत होते. मग त्यांनी फाइल उघडली, आजीच्या घरचा फॉर्म काढला आणि वाचला. माझ्या सुवाच्य अक्षरात. 'तक्रार नाही.'

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पेन दिलं. आजीसमोर मी ते खोडून, खाली सही करून, पुन्हा लिहिलं. तिला वाचता येत नाही, पण काय चाललंय ते तिला बरोबर कळलं असावं. ती आत जाऊन सरांसाठी दुसरा चहा घेऊन आली. मला नाही.

तेव्हा सरांनी ग्वादालाहाराची गोष्ट सांगितली. मेक्सिकोतलं मोठं शहर. तिथे एप्रिल १९९२ मध्ये लोक काही दिवस सांगत होते की गटारांतून पेट्रोलचा वास येतोय. तपासणीला माणसं आली, पण वस्ती काही रिकामी केली नाही. २२ एप्रिलला सकाळी गटारं फुटली, अनेक किलोमीटर रस्ते उलटेपालटे झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. पेट्रोलच्या पाइपलाइनला लागून पाण्याचा एक पाइप टाकला होता, दोन वेगळ्या धातूंमुळे पेट्रोलचा पाइप गंजून त्याला भोक पडलं होतं. केमिस्ट्रीत आपण गॅल्व्हॅनिक सेल शिकतो ना, तोच. विसरवाडीत असं काही व्हायची भीती नव्हती, सरांनी ते लगेच सांगितलं, मामाचा चेहरा बघूनच बहुधा. पण वास ही लोकांची तक्रार नसते, ते एक रीडिंग असतं, असं ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग त्यांनी फॉर्मच्या मागे पेन्सिलने घर काढलं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून वाफ वर निघून जाते आणि प्राणवायू खाली उतरतो. मातीत असे जिवाणू असतात जे प्राणवायू मिळाला की पेट्रोलची वाफ खाऊन टाकतात. म्हणून मे महिन्यात अंगण स्वच्छ. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा बुजतात, वरून झाकण बसतं. वाफेला वर जायला वाट नाही, प्राणवायूला खाली यायला वाट नाही, जिवाणू उपाशी. आणि या सगळ्या ओल्या मातीच्या मधोमध कोरडा तुकडा कुठला उरतो? घराखालचा. घर म्हणजे मातीवर धरलेली छत्री. वाफ आडवी सरकत तिथे येते, मग फरशीच्या सांध्यांतून वर.

म्हणजे आजीने वर्षानुवर्षं फोनवर जे एक वाक्य सांगितलं, त्याचं एक्स्प्लनेशन एवढंच होतं.

अंगणातली नळी बुडाली तर बुडाली, फरशीखालची माती कोरडीच होती. त्या रात्री झड असतानाच सॅम्पल घ्यायचं ठरलं. मी हात राखेने धुतले. खरंच, आजीच्या चुलीतल्या राखेने, मग साध्या पाण्याने तीनदा! आधी गॅस मीटर लावला. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. फरशीखालच्या हवेत काटा उतरत गेला आणि कार्बन डायऑक्साइडचा चढत गेला. सर म्हणाले, "खाली कुणीतरी जेवतंय." पेट्रोल हजर असल्याची ती पहिली खूण. मग पीआयडी लावला. या यंत्रात अतिनील किरणांचा एक छोटा दिवा असतो, वाफेचे रेणू त्याने फुटले की विजेचा प्रवाह होतो, त्यावरून आकडा. मे महिन्यात याच भोकावर तो झोपला होता. आता उठून बसला. आकडा इथे लिहायची मला परवानगी नाही, पण ड्रिलिंगचा दादा हळूच "अरे देवा" म्हणाला, तेवढं लिहिते.

कॅनिस्टर घेऊन मी सरांबरोबर मुंबईच्या लॅबला गेले. (अटेंडन्स : अजून दोन दिवस वजा. सर, हे वाचत असाल तर मी आजारी नव्हते, सॉरी.) तिथल्या यंत्रात केसासारखी बारीक, ६० मीटर लांबीची नळी गुंडाळून ठेवलेली असते. वायूचं सॅम्पल तिच्यातून धावतं आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचतो, क्रॉस कंट्रीसारखं. आधी बेंझीन, मग टोल्युइन, मग इथाइलबेंझीन आणि झायलीन ही मंडळी. टोकाला दुसरं यंत्र त्यांचे तुकडे करून वजनावरून ओळख पटवतं. स्क्रीनवर एकेक टोक उगवत होतं आणि मी नुसती बघत होते. लॅबच्या मॅडमनी शेजारी माझा मे महिन्याचा आलेखही उघडला. सुरुवातीलाच एक भलामोठा सुळका, बाकी सगळं त्याच्यापुढे चिमुकलं. "हा कोण?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मीच."

खोलीतल्या हवेचं वेगळं सॅम्पल घेतलं होतं. फरशीखालच्या मानाने तिथे फार थोडं होतं. पण बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशात बेंझीनची वर्षाची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या वरच. बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. आज पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, पण २००० सालच्या सुमारास ५ टक्क्यांपर्यंत चालायचं, आणि तो पंप त्या काळातला. दुसरी गोष्ट मला तिथेच कळली. बेंझीनचा वास माणसाला येतो तेव्हा ते त्या मर्यादेच्या साधारण हजारपट झालेलं असतं. आजीला जो वास येत होता तो बहुधा त्याच्या भावंडांचा, ज्यांचा वास फार लवकर येतो. म्हणजे वास नाही म्हणून बेंझीन नाही, असंही नसतं. त्या दिवशी ओसरीवर मी नाक वर करून हुंगलं होतं, ते आठवून कान गरम झाले.

परतीच्या गाडीत मला एक हिशोब सुचला आणि तो अजून सुटत नाही. मी आमरसाने हात चिकट केले नसते, सॅनिटायझर लावलं नसतं, तर मे महिन्याचं सॅम्पल चांगलं निघालं असतं. चांगलं म्हणजे स्वच्छ. त्याला जोडून माझा फॉर्म : तक्रार नाही. फाइल बंद झाली असती, आजी मागच्या खोलीतच झोपत राहिली असती. मी सगळं बरोबर केलं असतं तर सगळं चुकलं असतं. सरांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "सगळं बरोबर नाही. फॉर्म चुकला होता." एवढं बोलून ते झोपले.

मामाने रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा तो चिडला. प्लॉटचं गिऱ्हाईक कुठूनतरी ऐकून मागे हटलं होतं, आणि घरची भाची असून हे केलं, असं आईला फोनवर म्हणाला. मग त्याच रात्री त्याने आजीची खाट स्वतः उचलून ओसरीवर आणली. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "माय आजारी पडेल का?" सरांनी खोटा धीर दिला नाही. किती प्रमाण आणि किती वर्षं यावर असतं म्हणाले, रक्त तपासून घ्या म्हणाले. तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आला. प्लॉट अजून तसाच पडून आहे. मामा माझ्याशी बोलतो, पण इंटर्नशिपबद्दल विचारत नाही.

त्याच जुलैत, २०२५ मध्ये, केंद्र सरकारने दूषित जागांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची, खर्च ज्याने घाण केली त्याचा. सर म्हणाले, वाचून ठेव, तुमच्या बॅचला यावर नोकऱ्या मिळतील. आणि मग भोपाळचं बोलले. युनियन कार्बाइडच्या आवाराचा अभ्यास आपल्या नागपूरच्या नीरीने केला, २०१० च्या अहवालात तिथली दूषित माती ११ लाख टनांच्या घरात सांगितली. २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला तो ३३७ टन साठवलेला कचरा. पेपरात फोटो कंटेनरच्या रांगेचे येतात, मातीचे येत नाहीत. एका पंपाची, एका म्हातारीची खोली तपासायला आम्हाला दोन ऋतू लागले, हे मी मनातल्या मनात मोजत होते.

उपाय तसा साधा निघाला. सप्टेंबरमध्ये आजीच्या मागच्या खोलीत फरशीखालून एक पीव्हीसी पाइप काढला, भिंतीला धरून कौलांच्या वर नेला आणि वर छोटा पंखा बसवला. फरशीखालची हवा खोलीत शिरण्याआधीच तो ओढून वर सोडतो. परदेशात रेडॉन नावाच्या वायूसाठी घराघरांत हेच करतात. पंपाच्या जागेवर मोठा ब्लोअर चालू आहे, तो मातीतली वाफ ओढून कोळशाच्या पिंपांतून गाळतो. लाइट गेली की दोन्ही बंद पडतात, आणि लाइट कधी जाते? झड असते तेव्हा! सरांना हे आजीनेच सांगितलं. मग इन्व्हर्टर आला.

सरांनी तिला एक कामही दिलं. दुधाचा हिशोब ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाच्या रेघांनी ठेवते. ज्या रात्री वास येईल त्या तारखेवर एक फुली मारायची. ऑगस्टच्या पानावर नऊ फुल्या होत्या, आणि मी कुतूहलाने पावसाशी ताडून बघितलं तर सगळ्या लागून आलेल्या झडीच्या दिवसांच्या. पंखा बसल्यावर सप्टेंबरच्या शेवटी दोन. डिसेंबरमध्ये पुन्हा सॅम्पल घेतलं, स्वच्छ आलं, मामा म्हणाला, झालं ना आता? सर म्हणाले, नाही. डिसेंबरात तसंही स्वच्छच येणार. खरं उत्तर पावसाळ्यात.

म्हणून या जुलैत परत जायचं आहे. आजीने तोवर ओसरी सोडायची नाही असं ठरलंय, तिची त्यावर तक्रार आहे, कुत्री झोपू देत नाहीत म्हणते. ही तक्रार मी लिहून घेतली आहे. ड्रिलिंगच्या दादांना तारखा कळवल्या, दोन कॅनिस्टर बुक केले. बॅगेला लटकलेली ती बाटली सध्या माझ्या रूममेटकडे आहे, ज्यांना मेसमध्ये हवी असेल त्यांनी तिच्याकडून न्यावी.